जुन्या एफसी पिकअपमध्ये बोलेरोचं इंजिन: वागळे इस्टेटच्या एका गॅरेजचा अनुभव

मार्क आधीच सांगून टाकतो, ५ पैकी ३. नुसतं इंजिन बसवण्याच्या कामाला पाच दिले असते, पण वायरिंगने आणि तारखांनी वाट लावली. गॅरेजचं नाव लिहीत नाही कारण मालकाशी अजून थोडा हिशोब मिटायचाय, आणि माणूस तसा वाईट नाहीये. ठाण्यात वागळे इस्टेटच्या आतल्या गल्लीत आहे, शेजारी लेथवाला, समोर वडापावची गाडी.

आमची गाडी म्हणजे महिंद्राची एफसी-१५०, १९७२ ची, आजोबांनी मुरबाडहून भाताची पोती कल्याणला न्यायला घेतलेली. ज्यांनी कधी पाहिली नसेल त्यांना सांगतो, जीपच्याच घरातली पण नाक नसलेली, ड्रायव्हर पार पुढे चाकावर बसतो आणि इंजिन दोन सीटच्या मधे पत्र्याच्या पेटीखाली. पावसाळ्यात आम्ही पोरं त्या पेटीवर ओले मोजे वाळवायचो आणि मग सगळ्या केबिनला मोज्यांचा वास. मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन आजोबांनीच १९८७ च्या सुमारास काढून २११२ सीसीचं प्यूजो डिझेल टाकलं, तेव्हा परवडत नाही म्हणून बरेच जण टाकायचे, आरसीवर तशी नोंद आहे. म्हणजे हे गाडीचं दुसरं ऑपरेशन.

ते प्यूजो आता दमलं होतं. ९ चं अॅव्हरेज, सकाळी हीटर दोनदा दिल्याशिवाय सेल्फ घ्यायची नाही आणि रायते पुलाच्या पुढे चढ आला की मागे एवढा काळा धूर की बाइकवाले शिव्या घालत ओव्हरटेक करायचे. बोअर करून अजून दहा वर्षं काढता आली असती हे खरंय. पण ते जुन्या पद्धतीचं इंजिन, डिझेल आधी बाजूच्या छोट्या चेंबरमधे पेटतं आणि मग पिस्टनवर येतं, त्यात उष्णता वाया जाते, म्हणून कितीही कॅलिब्रेशन करा ते थोडं जास्तच पिणार. नव्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात डिझेल हजाराच्या वर बार प्रेशरने थेट सिलिंडरमधे जातं, बारीक फवारा होतो आणि नीट जळतं. म्हणून बोलेरोचं २५२३ सीसीचं एम-टू-डीआय-सीआर घ्यायचं ठरवलं. गंमत म्हणजे कागदावर ताकद जवळपास तेवढीच, जुन्याची ६२ बीएचपी, नव्याची ६३. फरक टॉर्कचा, म्हणजे ओढण्याच्या जोराचा, जुन्याचा १२० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि नव्याचा १९५, तोही १४०० आरपीएमपासूनच.

आता गॅरेजच्या उस्तादांचं, म्हणजे मुख्य मेकॅनिकचं कौतुक. मी गेलो तेव्हा मला वाटत होतं इंजिन बदललं की अॅव्हरेज आलंच. उस्ताद म्हणाले, "शेठ, नुसतं इंजिन टाकून पैसे पाण्यात घालू नका, आधी हाउसिंग किती दाती आहे ते बघू." हाउसिंग म्हणजे मागच्या अॅक्सलमधला दात्यांचा गोळा. गाडी जॅकवर घेतली, मागच्या चाकाला आणि गिअरबॉक्सकडून मागे जाणाऱ्या शाफ्टला खडूची खूण केली, चाक हाताने फिरवत शाफ्टचे फेरे मोजले. रेशो निघाला ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. म्हणजे टॉप गिअरमधे ६० ला इंजिन २४०० च्या आसपास आणि ८० ला ३२०० वर ओरडणार, आणि या इंजिनची सगळी ताकदच ३२०० ला संपते. हायवेला ते बिचारं सतत धापा टाकत पळणार, मग कसलं अॅव्हरेज. म्हणून बोलेरोचाच पाच गिअरचा बॉक्स घेतला, पाचव्याला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनपेक्षा शाफ्ट जास्त फिरतो, त्यामुळे हायवेला इंजिन निवांत राहतं. आधी दोन गॅरेजमधे विचारलं होतं, एकानेही हा विषय काढला नव्हता.

पण गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, फक्त ८१ इंच. लांब बॉक्स बसल्यावर मागचा शाफ्ट हातभर उरला आणि त्याचा कोन असा तिरका की ५५ च्या पुढे सीटखाली भुंगा बसल्यासारखी थरथर. (फोर बाय फोरचा प्रश्न नव्हता, पुढचा शाफ्ट आजोबांनीच काढून माळ्यावर टाकलेला.) फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते ब्रॅकेट, दोनदा कापून परत वेल्ड केलं, इंजिन थोडं मागे झुकवलं, शेजारच्या लेथवाल्याने शाफ्ट बॅलन्स करून आणला, तेव्हा कुठे गेलं. गिअर लिव्हरचं लिंकेज तर बघण्यासारखं आहे, बॉक्स पार मागे आणि ड्रायव्हर पुढे, तर मधे दोन रॉड आणि चार बॉल जॉइंट घालून असं बनवलंय की दुसरा गिअर दोन बोटांनी पडतो. टाकी सुद्धा न सांगता उतरवून आतून साफ केली, पाणी वेगळं काढणारा फिल्टर लावला, कारण जुन्या टाकीतला गंज एकदा इंजेक्टरमधे गेला की खर्चाला अंत नाही.

आता तक्रारी. दीड महिना सांगून पाच महिने लावले. सगळ्यात आधी जे इंजिन आणलं त्याचं बिलच नाही, "कुर्ल्याहून आलंय, कागद बघून घेऊ". मी म्हटलं काका, कागद नसेल तर इंजिन परत पाठवा. तीन आठवडे गेले, मग अॅक्सिडेंटच्या गाडीचं, बिल आणि आधीच्या गाडीचे कागद असलेलं मिळालं. यात कोणी ढिलाई करू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे गाडीतल्या बदलाचा विषय आहे, आरसीवर इंजिन नंबर असतो, आणि २०१९ मधे सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडी बदलता येणार नाही असं स्पष्ट म्हटलंय. आरटीओत लेखी विचारा, परवानगी हातात आली की मगच पान्याला हात लावा. आणि ज्यांची गाडी ५० वर्षांच्या वर आणि अजून मूळ इंजिनवर आहे त्यांनी तर दहादा विचार करा, २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, २० हजार फी, पण इंजिनला मोठा बदल केलेला चालत नाही. आमचा तो चान्स आजोबांनीच घालवलेला.

दुसरं वायरिंग. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, लावला कुठे तर डॅशच्या खाली डावीकडे, बरोब्बर जिथे काचेच्या रबरातून तीस वर्षं पाणी गळतंय. मी आधीच दाखवलं होतं. "सिलिकॉन मारलंय, टेन्शन नका घेऊ." जुलैत गायमुखच्या चढाला धो धो पावसात चेक लाइट लागली आणि गाडी जागेवर बंद, बाबा शेजारी बसलेले, म्हणाले जुनं इंजिन पाण्यातून होडीसारखं जायचं. टोइंगचे साडेतीन हजार. कनेक्टर उघडला तर पिनांवर हिरवा गंज. ईसीयू वाचला, नशीब. आता तो सीटच्या मागे वर लावलाय, पण टोइंगचे पैसे द्यायला मालक अजून तयार नाहीत आणि भांडण ते हेच.

पैशाचं खरं सांगतो. एस्टिमेट १ लाख ९०, शेवटी २ लाख ९२ हजार झाले. टाकी फुल टू फुल चार वेळा मोजलं, माजिवड्याहून मुरबाड आणि परत, हौद्यात कधी खत कधी काहीच नाही, सरासरी १३. वर्षाला आमची चार हजार किमी चालते, म्हणजे साधारण १३७ लिटर वाचतं, ९० रुपयांनी धरलं तर बारा हजार. खर्च वसूल व्हायला चोवीस वर्षं, तेव्हा माझा मुलगा माझ्या वयाचा असेल. तुमची गाडी रोज धंद्याला धावत असेल तर गणित वेगळं, वर्षाला ३० हजार किमी असेल तर तीन-साडेतीन वर्षांत निघेल. बाकीच्यांनी अॅव्हरेजच्या नावाखाली यात पडू नका, हौस आहे असं घरी सरळ सांगा.

पुन्हा याच गॅरेजला जाईन का? फाउंडेशन, गिअर, शाफ्टच्या कामाला हो. वायरिंग दुसरीकडून करून घेईन. आणि तुम्ही गेलात तर एक काम करा, आत शेल्फवर ऑइलच्या डब्याशेजारी शिसवी लाकडाचा एक जुना गिअर नॉब पडलाय, तो आजोबांनी सुताराकडून घडवून घेतलेला, नवीन लिव्हरला आटे जुळत नाहीत म्हणून त्यांनी ठेवून घेतला आणि पाच वेळा फोन करूनही मिळाला नाहीये, दिसला तर कळवा.