जुनं ड्रिल मशीन उजळायचं की नवं आणायचं?

गंजाला घाबरून चांगलं मशीन सोडणारे असतात आणि ताज्या रंगाला भुलून खराब मशीन उचलणारेही. मी दुसऱ्यांतला. पहिलं जुनं ड्रिल मशीन आठवडाभर घासलं, हिरवा रंग दिला, नावाची पितळी पट्टी लखलखीत केली आणि मग पहिलं भोक पाडलं. ६ मिलिमीटरच्या नव्याकोऱ्या बिटाने साडेसहाचं भोक! क्विल, म्हणजे हँडल ओढलं की खाली येणारी नळी, बिडाच्या डोक्यात खुळखुळत होती, आणि ती झीज काही रंगाने भरत नाही.

म्हणून आधी स्पिंडल, म्हणजे क्विलच्या आत फिरणारा दांडा, बघा. क्विल पूर्ण खाली ओढा, बिट पकडणारा चक मुठीत धरा आणि आडवा हलवा. टकटक लागली तर दुसऱ्या हाताचं बोट क्विल जिथून बाहेर येते त्या कडेवर ठेवून पुन्हा हलवा. क्विल स्थिर आणि आतला स्पिंडलच हलतोय, तर बहुधा दोष बेअरिंगचा, तो किरकोळ. बेअरिंगवर ६२०३ असं कोरलं असेल तर माप १७ बाय ४० बाय १२ मिलिमीटर, आजही सहज मिळणारं. क्विलच हलत असेल तर डोक्याला उभी चीर आणि आवळायचा बोल्ट आहे का बघा. काही जुन्या मशीनवर असतो, थोडी ढिलाई त्याने निघते. नसेल तर बुश, म्हणजे झीज भरणारी धातूची नळी, बसवणं आलं, म्हणजे लेथवाल्याचं काम. तिथे मी मशीन सोडतो.

नव्या स्वस्त बेंच ड्रिललाही हीच परीक्षा लावा. नवं म्हणून घट्टच असेल असं नाही. हलकं टेबल तर हँडल दाबलं की डोळ्यांदेखत झुकतं. जुन्याची खरी मिळकत इथे आहे: जाड बीड, भरभक्कम खांब, कमी थरथर.

वेगाच्या बाबतीत मात्र जुनंच चांगलं असं समजू नका. मऊ पोलादात हायस्पीड बिटाने २० मिलिमीटरचं भोक पाडायचं तर मिनिटाला साधारण ४०० फेरे हवेत. दोनच पुल्यांचं मशीन, जुनं असो वा नवं, बरेचदा एवढं सावकाश फिरत नाही. मध्ये तिसरी पुली असेल तर काम होतं. फक्त लाकूडकाम करणार असाल तर हा मुद्दा विसरा.

ओळख पटवताना नावाच्या पट्टीइतकाच भरवसा बिडात ओतलेल्या पार्ट नंबरवर ठेवा. पट्टी बदलता येते. अमेरिकन डेल्टा मशीनवर रॉकवेलचंही नाव असेल तर ते १९४५ नंतरचं, कारण त्या वर्षी रॉकवेलने डेल्टा विकत घेतली. आणि ‘१५ इंची’ म्हणजे बिटापासून खांबापर्यंत साडेसात इंच. १५ इंच व्यासाच्या चकतीच्या मधोमध भोक पडेल, एवढाच अर्थ. स्पिंडलला आरपार खाच असेल तर आत बहुतेक मोर्स टेपर, म्हणजे ठरावीक मापाचं निमुळतं भोक, असतो. क्रमांक २ च्या टेपरचं तोंड साधारण १७.८ मिलिमीटर. त्याला पॉलिश पेपर लावू नका, कापडाने पुसा.

गंज काढणं त्यामानाने निवांत काम. पाण्यात कपडे धुण्याचा सोडा विरघळवा, गंजका भाग आणि साधी लोखंडी पट्टी त्यात बुडवा; बॅटरी चार्जरची ऋण बाजू मशीनच्या भागाला, धन बाजू पट्टीला. स्टेनलेस पट्टी वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजनही सुटतो, त्यामुळे हे उघड्यावरच करा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासणं नको. क्विल वर खेचणाऱ्या स्प्रिंगची डबी अंदाजाने उघडू नका; आत चांगला ताण असतो, बोट सोलून निघतं. कापडी वेष्टणाची वायर काढून टाका आणि अर्थिंगसह नवी घाला.

पुढच्या रविवारी भोकं पाडायची असतील तर नवं आणा. दोन-तीन महिने दम धरता येत असेल, क्विल घट्ट असेल आणि बिडाला तडा नसेल, तर जुनं घ्या, गंज कितीही असो. टेबलावरच्या चुकार भोकांनाही नाक मुरडू नका, वर प्लायवूडचा तुकडा बसतो.

माझं ते हिरवं मशीन अजून आहे. त्यावर फक्त लाकडी खुंट्यांची भोकं पाडतो, तीसुद्धा खुंटी नंतर भोकाच्या मापाने तासून.