१५ बारची थाप

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढली. बॉयलर हाऊस अगदी शेजारी. गेजचा काटा हलला की पोरं आधी मला विचारायची. आणि तरीही सांगलीत, घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात कॉफी मशीन विकणाऱ्या एका पोराने 'प्रेशर' या एका शब्दावर मला साडेनऊ हजारांना गंडवलं. सांगायला लाज वाटते, पण ही प्रदर्शनं गावोगाव फिरतायत.

आमची लेक बंगळुरात असते. दिवाळीत पंधरा दिवस तिच्याकडे राहिलो आणि मी जन्माचा चहावाला बाटलो. जावई रोज सकाळी तराजूवर १८ ग्रॅम कॉफी मोजायचा, मशीनला लावायचा, आणि पंचवीस-तीस सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास दाट कॉफी कपात उतरायची. वजन, वेळ, तापमान दिसलं की माझा जीव रमतो. निघताना लेक म्हणाली, "बाबा, मशीन घ्यायचंच असेल तर आधी मला फोन करा." तो फोन मी केला नाही.

जानेवारीत विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयात गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. लोणची, चादरी, गुडघ्याला चोळायचं तेल, आणि कोपऱ्यात एक लालभडक कॉफी मशीन. काळा एप्रन घातलेला पोरगा गोड बोलत होता. "काका, कॉफीला ९ बार लागतात. हे १५ देतं. मोठ्या हॉटेलात बसवतात ना, त्या तोडीचं." बार म्हणजे दाबाचं माप. त्याने बटण दाबलं, मशीन घर्रर्र करायला लागलं आणि कपात तपकिरी फेसाचा जाड थर आला. हिनेही एक घोट घेतला. "कडूच आहे, पण वास छान आहे," म्हणाली. हिच्याकडून एवढं म्हणजे मेडलच.

खोक्यावर एमआरपी २४,९९९. आम्हाला "शेवटचा दिवस म्हणून" ९,५०० ला. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "मग वर १८ टक्के जीएसटी पडेल काका, कशाला?" मी तिथूनच मागे फिरायला हवं होतं. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, त्यावर आणखी कर मागताच येत नाही. हे मला माहीत होतं. पण फेस डोळ्यांसमोर होता. मग एस्टिमेटच्या पॅडवरचं एक चिठोरं, त्यावर मोबाइल नंबरचा शिक्का, झालं बिल. यूपीआय करताना पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव आलं, तर "मालकांचं खातं आहे." खोकं उघडून दाखव म्हटलं, तर "सील तोडलं की वॉरंटी जाते." जाता जाता त्याने 'चिकमगळूरची शुद्ध अरेबिका' म्हणून पाव किलो पावडर ६५० रुपयांना गळ्यात मारली, ती वेगळीच.

घरी खोकं उघडलं. रंग तोच, तोंडवळा तोच. पण तिथल्या मशीनला मागे पाण्याची टाकी होती, उचलून नळाखाली धरता येईल अशी. इथे टाकीच नाही, डोक्यावर एक जाड काळं झाकण, पिळून घट्ट करायचं. पाणी त्यात मोजून ओतायचं. चालू केलं, तीन मिनिटं काहीच नाही. स्वयंपाकघराच्या दारातून ही म्हणाली, "अहो, ह्याचा घर्रर्र आवाज कुठंय?"

३१ वर्षांचा अनुभव माझा, आणि खरा प्रश्न तिला पडला. तो आवाज पंपाचा असतो. पंपाचं मशीन गार पाणी ढकलतं, ते वाटेत ९०-९५ अंशांपर्यंत तापतं आणि साधारण ९ बार दाबाने कॉफीतून जातं. खोक्यावरचे १५ किंवा २० म्हणजे पंपाची कमाल ताकद. कॉफीला लागतात ते नऊच, म्हणून २० वालं १५ वाल्यापेक्षा सरस असं काही नसतं. माझ्याकडे आलेलं मशीन बिनपंपाचं होतं. बंद भांड्यात पाणी उकळायचं आणि वाफेने कॉफी रेटायची, एवढाच त्याचा कारभार. कुकरसारखं फुसफुसलं आणि कपात जे पडलं त्याला जळक्या मळीचा वास होता. मळी मी आयुष्यभर हुंगली आहे, चूक व्हायची नाही.

मशीन उलटं केलं. खाली 'दाब १५ बार' अशी चंदेरी चिकटपट्टी, एक कोपरा सुटलेला. नखाने ओढली. खाली छापलेलं होतं ३.५ बार.

मग कपाटातलं स्टीम टेबल, म्हणजे वाफेच्या दाबाचा आणि तापमानाचा तक्ता काढला, तोही उशिराच. वाफेने १५ बार दाब करायचा तर पाणी २०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. त्या प्लास्टिकच्या डब्यात तसं खरंच झालं असतं, तर कॉफीऐवजी बॉयलर इन्स्पेक्टरला बोलवावं लागलं असतं. हे गणित मला त्या स्टॉलवर उभ्या उभ्या सुटायला हवं होतं.

तो फेसही फसवाच. जावयाने सांगितलं, अशा मशीनच्या कॉफी भरायच्या चाळणीला दुहेरी तळ असतो आणि बाहेरच्या तळाला टाचणीएवढं एकच भोक. त्यातून पिचकारी मारली की शिळ्या पावडरीलाही फेस येतो.

पावडरीची परीक्षा मी घरीच केली, तेवढं तरी जमलं. ग्लासभर गार पाण्यावर चमचाभर भुरभुरली. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती मुळाची भाजकी पूड, लगेच खाली बसायला लागते आणि जाताना तपकिरी रेघा सोडते. माझ्या ग्लासात रेघाच रेघा. चिकोरीशी माझं वैर नाही, मिरजेत लहानपणी शेजारच्या कानडी घरात प्यायचो त्या फिल्टर कॉफीत ती असायचीच. पण अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी आणि चिकोरी किती ते पाकिटावर छापावं लागतं. या पाकिटावर नुसतं डोंगराचं चित्र.

दुसऱ्या दिवशी गेलो तर कामगार पडदे सोडत होते. आयोजक म्हणाले, "आम्ही फक्त टेबल भाड्याने दिलं." शिक्क्यावरचा नंबर बंद. पोराने दिलेलं कार्ड आता नीट वाचलं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. कार्डावर १४ अक्षरं होती. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल नंबर विचारला. तिन्हींना माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांची मुदत असते. वकील मित्राला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "दावा फुकटच आहे रे, पण नोटीस कुणाच्या नावाने काढू?" शेवटी यूपीआयचा व्यवहार क्रमांक घालून पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पोच मिळाली, पैसे नाहीत.

लेकीला मग फोन केला. ती रागावली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "बाबा, मशीनचं नंतर बघू, आधी ग्राइंडर घ्या." पात्याच्या मिक्सरमध्ये बियांची निम्मी धूळ होते आणि निम्मे खडे राहतात, धूळ कडू उतरते आणि खडे कच्चेच राहतात. जात्यासारखा भरडणारा हाताचा ग्राइंडर तिनेच पाठवला, सोबत भाजल्याची तारीख छापलेल्या बिया. मिरजेतून स्टीलचा फिल्टर आणला. रात्री डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, लावून ठेवतो, सकाळी गरम दूध घालतो. जावयाच्या कॉफीची सर नाही, पण मळीचा वास नाही. बोअरचं पाणी मात्र घालत नाही, त्याने चव मरते आणि भांड्याला खार धरतो.

लाल मशीनवर नातवाच्या दुधाला फेस तेवढा होतो, ते काम ते इमानाने करतं. झाकण मात्र वाफ पूर्ण जाऊन मशीन गार झाल्याशिवाय मी कुणाला हात लावू देत नाही.

काल साताऱ्याहून बहिणीने फोटो पाठवला. प्रदर्शन, लाल मशीन, '१५ बार'ची पाटी. "दादा, घेऊ का?" मी कळवलं, सीलबंद खोकं तिथंच उघडायला लाव आणि त्यातल्याच मशीनवर कॉफी करून माग. अर्ध्या तासाने तिचं उत्तर आलं, "तो म्हणतोय, संध्याकाळी या, आत्ता लाइट गेलीय." सोबत तिने आणखी एक फोटो जोडला होता. त्यात त्याच्या डोक्यावरचा पंखा गरगरत होता.