स्वस्त शिफ्टर की महाग शिफ्टर, दोन्ही वापरून झाल्यावर

शिफ्टर म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा लिव्हर. गेले बरेच महिने दोन माउंटन बाइक आलटून पालटून चालवतोय. एकीवर सायकलसोबतच आलेला एंट्री लेव्हलचा ९ स्पीड (मागे ९ गिअरचा) शिफ्टर, दुसरीवर शिमानो एक्सटी १२ स्पीड, आणि मध्ये काही काळ त्या दुसरीवरच डिओरेचा (शिमानोचाच, एक्सटीहून खालच्या दर्जाचा) १२ स्पीड लावून बघितला. आधीच सांगून टाकतो, गिअर तिन्हीत पडतात. सपाट कोरड्या रस्त्यावर, अंगात दम असताना, नीट ट्यून केलेला स्वस्त शिफ्टरसुद्धा तक्रारीला जागा ठेवत नाही आणि तिथे महागवाल्याचे पैसे कशाचे असा प्रश्न पडतोच.

फरक कळतो तो चढावर. दम लागलाय, हँडल हातात नाचतंय, ग्लोव्हज ओले आहेत आणि एक गिअर हलका हवाय, अशा वेळी स्वस्तवाल्याचा लिव्हर आधी थोडा रिकामाच फिरतो, मग कुठेतरी मऊसा क्लिक येतो, आणि गिअर खरंच पडला का हे पायाला कळेपर्यंत खात्री नसते. एक्सटीत तसं नाही, अंगठा टेकला की लगेच पकड, क्लिक एकदम ठाम, आणि लिव्हरवर रबर असल्याने बोट सरकत नाही. डिओरेचा क्लिकही ठाम आहे, फक्त थोडा कोरडा वाटतो. डोळे बांधून दोन्ही दिले तर मी ओळखेन असं वाटतं, पण पैज नाही लावणार.

एक्सटीत खरी वेगळी गोष्ट म्हणजे मल्टी रिलीज. चढ संपून उतार लागला की रिलीजचा, म्हणजे केबल सोडून गिअर जड करणारा लिव्हर जोरात दाबायचा, एका दाबात दोन गिअर जड. डिओरेत एका दाबाला एकच गिअर पडतो. चढउतार सारखे बदलणाऱ्या ट्रेलवर ही सोय इतकी अंगवळणी पडते की दुसऱ्या सायकलवर अंगठा उगाच जोर लावत राहतो. लांब एकसारख्या चढाच्या राइड करणाऱ्याला मात्र याचं फारसं काही नाही. (अंगठ्याने ढकला किंवा तर्जनीने ओढा, ही टू-वे रिलीजची सोय डिओरेतही आहे, त्यासाठी वर जायची गरज नाही.)

आता एक गोष्ट लोक हमखास गल्लत करतात. जोर लावून पेडल मारताना गिअर मऊ पडला की श्रेय शिफ्टरला देतात, पण ते काम कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) आणि चेनचं. शिमानोच्या १२ स्पीडमधल्या हायपरग्लाइड प्लसच्या दातांचा आकारच त्यासाठी आहे आणि तो डिओरे कॅसेटलाही मिळतो. शिफ्टर फक्त ठरलेली केबल ओढतो आणि सोडतो, बस.

त्यामुळे केबल खराब असेल तर एक्सटीआर (शिमानोचा सगळ्यात वरचा) लावूनही उपयोग नाही. पावसाळी चिखलात महिनाभर फिरवल्यावर माझा ९ स्पीडवाला इतका जड झाला की अंगठा दुखायला लागला, आतली केबल आणि आउटर (तिच्यावरचं आवरण) दोन्ही बदलले आणि शिफ्टर जवळपास नव्यासारखा झाला. आउटर कापताना टोक चेपलं नाही आणि तोंड सरळ राहिलं एवढं बघा, निम्मं काम तिथेच होतं. जुन्या शिफ्टरमध्ये आणखी एक प्रकार होतो, आतलं ग्रीस सुकून चिकट होतं, खटका पकडत नाही आणि लिव्हर मोकळाच फिरतो. लोक फेकून देतात राव! आधी आत पातळ स्प्रे मारून घाण धुऊन काढायची, लिव्हर सारखा दाबत राहायचं, मग दोन थेंब तेल. बऱ्याचदा जिवंत होतो.

आणि ९ स्पीडची बाजूही घेतली पाहिजे. त्यात दोन चकत्यांमधलं अंतर साधारण ४.३५ मिमी, १२ स्पीडमध्ये बरंच कमी. म्हणजे डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ज्यावर लटकतो तो हँगर किंचित वाकला तरी ९ स्पीड ओढून नेतं, १२ स्पीड लगेच कुरकुर सुरू करतं आणि केबलचा ताण जुळवायचा बॅरल अॅडजस्टर कितीही फिरवला तरी एका टोकाला जमतं तर दुसऱ्या टोकाला बिघडतं. सायकल आडवी पडली की आधी हँगर तपासा, शिफ्टरला शिव्या नंतर.

पैसे कुठे घालायचे तर माझं मत सरळ आहे, शिफ्टर चांगला घ्या आणि रिअर डिरेलर मधल्या दर्जाचा. डिरेलर खाली लटकतो, दगडावर आपटतो, कधीतरी तुटणारच. शिफ्टर वर हँडलवर सुरक्षित असतो आणि दर गिअरला हात त्यालाच लागतो. शिमानोचे केबलवाले डिओरे, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर १२ स्पीडमध्ये एकमेकांशी चालतात, स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या केबलवाल्या ईगल मालिकेतही स्वस्त एसएक्सपासून महाग एक्सएक्स१ पर्यंत तसंच. पण शिमानो शिफ्टर आणि स्रॅम डिरेलर अशी जोडी नको, दोघांचं केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं. शिमानोच्या ९ स्पीडवरून वर जायचं असेल तर नुसता १२ चा शिफ्टर घेऊन भागत नाही, डिरेलर, कॅसेट, चेन सगळंच बदलतं, शिवाय १० दातांची चकती असलेल्या कॅसेटला मायक्रो स्प्लाइन फ्रीहब (हबचा कॅसेट बसतो तो भाग) लागतो, म्हणजे बहुतेक वेळा मागच्या हबपर्यंत खर्च जातो. तेवढा हिशोब बसत नसेल तर ९ स्पीडमध्येच राहून त्याच घराण्यातला वरचा शिफ्टर आणि नवी केबल घ्या.

ऑर्डर करताना क्लॅम्पवाला की आय-स्पेक ईव्ही ते बघून घ्या, दुसरा ब्रेक लिव्हरला जोडला जातो आणि तुमचा ब्रेक तसा नसेल तर तो बसणारच नाही.