वाइनची द्राक्षं लावायची तर तापीकाठ की पिंपळनेर?

जगातली बहुतेक वाइन 30 ते 50 अक्षांशांच्या पट्ट्यात होते. फ्रान्समधलं बोर्दो 45 उत्तरेच्या आसपास, आपला खानदेश 21च्या. इथे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) आणि काढणी जानेवारी ते मार्च, असा क्रम आपणच लावायचा.

पाण्याचं म्हणाल तर रावेर-यावलचा तापीकाठ सरस, केळीला विचारा. पण वाइनच्या द्राक्षाला एवढे लाड सोसत नाहीत. खोल काळ्या जमिनीत वेल पानांनी माजतो, मण्यात पाणी भरतं. त्यात मार्चचं जळगावी ऊन! साखर भराभर वाढते, आंबटपणा उतरतो. अशी वाइन चढते जास्त, लागते सपाट.

साक्रीकडच्या पिंपळनेरला सह्याद्रीचा पायथा आहे. उंची जास्त, रात्री गार, मुरमाड उतारावर पाणी थांबत नाही. अर्जेंटिनातल्या मेंडोझाची मदारही उंचीवर, गार रात्रींवर आणि अँडीजच्या बर्फाच्या मोजक्या पाण्यावरच आहे.

भुरी या बुरशीजन्य रोगाची धास्ती दोन्हीकडे सारखीच.

माझं मत पिंपळनेरला, सुरुवात शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या वाणापासून. मात्र वायनरीशी लेखी करार आधी करा. बारीक मण्यांची ही बियांची द्राक्षं खायला कुणी घेत नाही.