इन्व्हर्टरला शिशाची बॅटरी की लोह-फॉस्फेटची?

यावलच्या नानांचा फोन आला, "लाईट सारखी जाते, बॅटरी कोणती घेऊ?"

नाना, आधी आपला उन्हाळा बघा. जळगाव-भुसावळात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली शिशाची बॅटरी अशा तापात लवकर थकते, डिस्टिल्ड वॉटरही वरचेवर घालावं लागतं. लोह-फॉस्फेटच्या, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीलाही उष्णता मानवत नाहीच. पण तिच्यातलं फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा पेट घेण्याचा धोका बराच कमी. घरात लेकरं असताना हा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलं की आयुष्य घटतं. लोह-फॉस्फेटची ८० टक्के वापरली तरी हजारो वेळा चार्ज होते, शिवाय वजनाला हलकी.

खर्चात शिसं सरस: आधी पैसे कमी, नंतर भंगारातही मोल येतं. आणि तुमचा जुना इन्व्हर्टर लिथियमला चालतो का, हे तपासल्याशिवाय घेऊ नका. चार्जिंगचं व्होल्टेज जुळायलाच हवं.

रोज तीन-चार तास वीज जात असेल तर लोह-फॉस्फेट घ्या. महिन्यातून दोनदाच जात असेल तर शिशाची पुरे.