जुन्या टाटा मोबाइलचं कळंकलेलं वायरिंग : जोड मारायचे, तयार संच आणायचा की नवं बांधून घ्यायचं?

रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात आयुष्य काढलेली जुनी टाटा मोबाइल पिकअप घेताना लोक पत्रा ठोकून बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. वायरिंगकडे लक्ष जातं ते पहिल्या पावसात. हेडलाइट पिवळट पडतात, इंडिकेटर लावला की मागचा ब्रेक लाइटही लुकलुकतो, सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. टेल्कोने, म्हणजे नंतरच्या टाटा मोटर्सने, ही गाडी १९८८ मध्ये आणली. त्या पहिल्या गाड्यांचं वायरिंग आता पस्तीस वर्षांहून जुनं आहे आणि खाऱ्या हवेत तेवढी वर्षं तांब्याला सोसत नाहीत.

कळंक टोकाला थांबत नाही, हे निर्णयाआधी लक्षात घ्यायला हवं. खारट ओल वायरच्या बारीक तारांमधून केशाकर्षणाने आत शिरते आणि वरचं आवरण धडधाकट दिसत असताना आतलं तांबं काळं पडत जातं. म्हणून नुसतं बघून काही कळत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या पकडीच्या, मागे थोडं आवरण सोला. तांबं चकचकीत दिसलं तर ती वायर वाचली. काळं असेल तर अजून मागे जा. वीतभर मागे जाऊनही चमक सापडली नाही, तर त्या वायरला नवा लग लावून काही साधत नाही.

दुसरी तपासणी मल्टिमीटरची. बॅटरी परत जोडा, इंजिन चालू करून हेडलाइट लावा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं बल्बच्या पॉझिटिव्ह पिनवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वाटेत कुठेतरी करंट अडतोय. ६० वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण १० अँपिअर ओढतात, त्यामुळे वाटेतला ०.१ ओहमचा अडथळासुद्धा १ व्होल्ट खातो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो, १ व्होल्ट गेला की जवळजवळ पाव उजेड जातो. शिवाय तेवढ्यात १० वॅट उष्णता त्या एका सांध्यात साठते. वायरी एकमेकींत जोडणारे प्लॅस्टिकचे कपलर वितळतात ते याच कारणाने.

हीच तपासणी बल्बची अर्थ पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यातही करा. वायरिंग बदलायला निघालेल्या गाडीत खरा दोष अनेकदा अर्थिंगचा असतो. इंजिन ते चॅसिस आणि चॅसिस ते बॉडी या पट्ट्या काढून, खालचा पत्रा चकचकीत घासून, नव्या लावा आणि वर ग्रीस द्या. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटल्या, तर पुढचा खर्चच टळतो. हे केल्याशिवाय कुणालाही वायरिंगचा भाव विचारू नका.

अर्थिंग सुधारूनही त्रास राहिला, तर पहिली वाट जोड मारण्याची. ही सर्वांत स्वस्त आहे आणि एखाद-दोन ठिकाणीच कळंक असेल तर पूर्ण योग्यही. पण जोड कसा मारलाय त्यावर सगळं अवलंबून आहे. दोन तारा पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड पाणी धरून ठेवतो आणि किनाऱ्यावर एक-दोन पावसाळ्यांत पुन्हा हिरवा होतो. नीट दाबलेला लग आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, हवी. सोल्डर केलेला भाग ताठ होतो आणि हादऱ्यांनी त्याच्या कडेला तार तुटते. सोल्डर करायचंच असेल तर आम्लयुक्त पेस्ट वापरू देऊ नका, आणि वायर जवळच पक्की बांधून घ्या.

दुसरी वाट तयार संचाची. कपलर जिथल्या तिथे बसतात, रंग मूळचे मिळतात, कामाचे दिवस वाचतात. अडचण आपल्याच मॉडेलचा संच मिळण्याची. जवळपासच्या मॉडेलचा आणून ओढूनताणून बसवला, तर पुढची दहा वर्षं प्रत्येक इलेक्ट्रिशियन त्यात अडकतो. आणि दुकानात वर्षानुवर्षं पडलेला 'नवा' संच घेताना आवरण वाकवून बघा, तडे गेले तर तो जुनाच समजा.

तिसरी वाट, नवं बांधून घेणं. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन जुनं वायरिंग फळीवर पसरून, त्याच लांबीने, त्याच फाट्यांनी नवं बांधतो. महाग पडतं, गाडी बरेच दिवस उभी राहते, पण वायरचा दर्जा तुमच्या हातात येतो. हेडलाइटला २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, वेगळा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) द्या आणि त्याचा फ्यूज बॅटरीलगतच बसवा. मग सगळा करंट डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून जात नाही. कलई केलेली तांब्याची वायर मिळाली, तर किनाऱ्यावरच्या गाडीला जास्तीचे पैसे जरूर द्या. जुने रंग मात्र पाळायला लावा. सगळीकडे लाल वायर ओढणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

माझं ठाम मत असं, की या तिन्हींतून एकच निवडायची गरज नाही. गाडीतली हवा सगळीकडे सारखी नसते. चॅसिसवरून मागे जाणारी वायर चिखल आणि खारं पाणी झेलते. ती डागडुजीच्या पलीकडे गेलेली असते, म्हणून नवीच बांधा. बॉनेटखालची, विशेषतः हेडलाइटची आणि बॅटरीजवळची, तिलाही तोच न्याय. डॅशबोर्डमागचा भाग कोरडा राहतो. तिथलं तांबं चकचकीत निघालं तर फक्त फ्यूज बॉक्सचे पाय आणि कपलर साफ करा, वायरला हात लावू नका. सबंध डॅशबोर्ड उघडण्यात मजुरी जाते ती जातेच, वर जुने प्लॅस्टिकचे खटके तुटतात आणि ते सहज मिळत नाहीत.

पुण्या-नाशकात, कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीला बहुधा अर्थिंग आणि चार नीट मारलेले जोड पुरतात. तिथे सबंध वायरिंग बदलायला सांगणाऱ्याला आधी मीटर लावून दाखवायला सांगा. आवरण जळालेलं असेल किंवा पूर्वी कुणी फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली सापडली, तर मात्र गाडी कुठलीही असो, तो भाग उघडून सबंध नवा करा. तोवर गाडी उभी करताना दर वेळी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.