तीन मिनिटांत शंभर फेरे: पावसाळाभर वाजवलेल्या ‘हेड हंटर्स’, ‘झॉम्बी’ आणि मुलातू

रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीला पाठवला होता, तो जसाच्या तसा परत आला. म्हणून आज बसून हे सगळं लिहिते आहे. मूळ विचार फक्त रेकॉर्डींबद्दल लिहायचा होता, पण प्लेयरचं आधी सांगितल्याशिवाय रेकॉर्डींबद्दल खरं बोलता येणार नाही.

बॅगेसारखा उघडणारा, आतच स्पीकर असलेला, सहा-सात हजारांत मिळणारा प्लेयर आता सगळ्यांच्या बघण्यातला आहे, त्याचं वर्णन करत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. आतला सांगाडा तोच आणि बाहेरचं नाव वेगळं, असे बरेच प्लेयर बाजारात आहेत, त्यामुळे हे बहुतेकांना लागू पडेल.

आमची रेकॉर्डींची भिशी आहे. मी, माझी नणंद आणि दोन मैत्रिणी. दर महिन्याला पैसे जमतात, जिचा नंबर लागेल ती एक रेकॉर्ड निवडते आणि मग ती रेकॉर्ड चारही घरांत फिरते. नवी परदेशी रेकॉर्ड आज अडीच-तीन हजारांच्या खाली येत नाही, एकटीने घेणं मला परवडत नाही आणि पटतही नाही. यंदा आम्ही ठरवलं होतं की फंक, जाझ आणि आफ्रिकेतलं ठेक्याचं संगीत एवढंच घ्यायचं. पावसाळाभर तीन रेकॉर्डी सगळ्यांत जास्त वाजल्या: अमेरिकी जाझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकची ‘हेड हंटर्स’, नायजेरियाचा गायक-सॅक्सोफोनवादक फेला कुटीची ‘झॉम्बी’, आणि इथिओपियाच्या मुलातू अस्तात्के यांचं संगीत असलेला ‘एथिओपिक्स’ मालिकेचा चौथा भाग.

मी हार्मोनियम शिकवते. ‘हेड हंटर्स’मधलं ‘कमेलियन’ सुरू होतं ते नुसत्या बेसवर. तो बेस गिटारवर नाही, एआरपी ओडिसी नावाच्या सिंथेसायझरवर हॅनकॉकने स्वतः वाजवला आहे. हे गाणं बी फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपली काळी पाच. मी पेटी पुढ्यात ओढून काळी पाच धरली आणि सूर लागेना. पांढरी सात दाबून पाहिली, तीही नाही. बेस दोन्हींच्या मध्येच कुठेतरी अडकलेला. ट्यूनर ॲप लावलं तर त्यानेही तेच दाखवलं. सुरुवातीला वाटलं, रेकॉर्डच चढी कापली असेल. पण तीच रेकॉर्ड नणंदेच्या जुन्या टर्नटेबलवर बिनचूक काळी पाचवर बसली.

मग मोजलं. एलपीचे मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे असतात, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, घड्याळ लावा आणि मोजा, बाकी काहीच लागत नाही. माझ्या प्लेयरचे भरले एकशे तीन. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण अर्धा स्वर म्हणजे साधारण सहा टक्के. म्हणजे सूर अर्ध्या स्वराच्याही अर्ध्यापर्यंत चढला. शिवाय पंधरा मिनिटं एकेचाळीस सेकंदांचं ‘कमेलियन’ सत्तावीस सेकंद आधीच उरकतं. पैसे मोजून घेतलेल्या संगीतातले सत्तावीस सेकंद! मला याचा खरोखर राग आला आणि अजून आहे.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, गाणं वाजतंय ना?” मी म्हटलं, “वाजतंय, पण सुरात नाही.” त्यावर तो म्हणाला, “एवढं इकडेतिकडे चालतं, कानाला कळत नाही.” कळतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला कळलं. प्लेयर वॉरंटीत होता, म्हणून स्वखर्चाने पार्सल केला. महिन्याभराने परत आला तो ‘तपासला, दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी घेऊन. पुन्हा मोजलं, पुन्हा एकशे तीन.

शेवटी आमच्याकडच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी खालची पाटी उघडली, मोटरच्या बुडाला असलेल्या बारीक भोकात घड्याळजीचा स्क्रू ड्रायव्हर घातला आणि केसभर फिरवला. या स्वस्त मोटरींत बहुधा अशी दोन भोकं असतात, एक तेहेतीसच्या वेगाला आणि एक पंचेचाळीसच्या. मी कपटा मोजत होते, ते फिरवत होते. शंभरावर आणून त्यांनी पाटी बंद केली आणि दीडशे रुपये घेतले. सर्व्हिस सेंटरला महिन्यात जमलं नाही ते काम चहा येईपर्यंत झालं. पार्सलचा खर्च परत मिळावा म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे.

आता रेकॉर्डी. वेग ठीक झाल्यावर तिन्हींबद्दलची माझी मतं बदलली, पण सर्वांत जास्त बदललं ते ‘झॉम्बी’बद्दलचं.

‘झॉम्बी’ १९७६ ची. मूळ रेकॉर्डवर दोनच गाणी, एका बाजूला ‘झॉम्बी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मिस्टर फॉलो फॉलो’. दोन्ही मिळून पंचवीसेक मिनिटं. भिशीत आली तेव्हा आम्ही चौघींनी आधी हिशेबच केला, एवढ्या पैशांत एवढंच? वर ती मला घाईची, धापा टाकणारी वाटायची. मी तिला पाचपैकी तीन दिले होते. ते तीन गुण त्या मोटरचे होते, फेलाचे नाहीत. शंभर फेऱ्यांवर लावली आणि फेलाचा ड्रमवादक टोनी ॲलन याचे ड्रम मागे सरकले, ऐसपैस झाले. हा माणूस चारही हातपाय चार वेगवेगळ्या कामांना लावतो आणि तरी आवाज चढवत नाही. मॅक्स रोच आणि आर्ट ब्लेकी हे जाझचे ड्रमवादक ऐकून तो तयार झाला, त्यामुळे नायजेरियातल्या नाचाच्या संगीताखाली त्याच्या हातात जाझ आहे. पायाचा ड्रम कधी तुमच्या अपेक्षेच्या किंचित आधी पडतो, कधी पडतच नाही, आणि झांजेवरची काठी मात्र सरळ चालत राहते. ठेका घट्ट असूनही मोकळा वाटतो तो यामुळे. तबला शिकणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा निवांत ऐकावं. ३० एप्रिल २०२० ला तो पॅरिसमध्ये वारला. माझ्या ओळखीतल्या तालप्रेमींपैकी कितीतरी जणांना त्याचं नावही माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘झॉम्बी’त गायन लवकर येत नाही. आधी गिटारची एकच छोटी ओळ फिरत राहते, मग ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, मग फेलाचा सॅक्सोफोन. ज्यांनी एलपीच्या एका बाजूला एकच राग ऐकला आहे त्यांना हा धीर नवा नाही. आणि गायन येतं ते सरळ लष्कराच्या अंगावर. हुकूम सोडल्याशिवाय न चालणारा, न थांबणारा, न विचार करणारा सैनिक, आणि कवायतीचे हुकूम तोंडावर फेकल्यासारखे. भाषा पिजिन इंग्रजी, म्हणजे बाजारात कुणालाही कळणारी. याची किंमत त्याने मोजली. १८ फेब्रुवारी १९७७ ला लागोसमधल्या त्याच्या ‘कलाकुटा रिपब्लिक’ या वस्तीवर सैनिक तुटून पडले, घर जाळलं. त्याची आई फुनमिलायो रॅनसम-कुटी, नायजेरियातल्या स्त्रियांच्या लढ्याची मोठी पुढारी, तिला खिडकीतून खाली फेकलं. पुढच्या वर्षी ती गेली. हे कळल्यावर ते कवायतीचे हुकूम मला नुसती गंमत म्हणून ऐकता येत नाहीत. तरी पाय हलतात, आणि फेलाला तेच हवं असणार. पंचवीस मिनिटांचा हिशेब मी मागे घेतला आहे. ज्यांना तरीही तो सलतो त्यांनी सीडी बघावी, तिच्या काही आवृत्त्यांत आणखी दोन गाणी आहेत.

‘हेड हंटर्स’ ऑक्टोबर १९७३ मध्ये आली. त्याआधीचा हॅनकॉकचा गट फार अवघड, अंतराळी वाजवायचा आणि फिरतीचा खर्चही निघत नव्हता. मग त्याने गट बदलला, जमिनीवरचं संगीत करायचं ठरवलं, आणि जाझच्या दुनियेत त्या काळी कुणाची खपली नव्हती एवढी ही रेकॉर्ड खपली. यात गिटार नाही, हे मला बऱ्याच दिवसांनी जाणवलं. गिटारसारखं जे टोकदार खुटखुट वाजतं ते क्लॅव्हिनेट, पट्ट्यांचंच वाद्य. पेटीवाल्यांसाठी हा मोठा धडा आहे, बोट पट्टीवर किती कमी वेळ ठेवायचं याचा. मी विद्यार्थ्यांना ऐकवते. हार्वी मेसनचे ड्रम आणि पॉल जॅक्सनचा बेस यांच्यात ‘कमेलियन’च्या मध्यावर जो पालट होतो, वेग वाढतो आणि हॅनकॉक इलेक्ट्रिक पियानोवर येतो, तो तुकडा मी सुई मागे नेऊन नेऊन ऐकते. सुई झिजते, झिजू दे.

त्याच बाजूवर ‘वॉटरमेलन मॅन’ आहे, त्याच्याच १९६२ च्या गाण्याचं नवं रूप. सुरुवातीला शीळ आणि फुंकर एकातएक विणलेली ऐकू येते. ती गटातल्या तालवादक बिल समर्सने बिअरच्या बाटलीत फुंकून काढली आहे. मूळ चाल मध्य आफ्रिकेतल्या बा-बेंझेले लोकांची. ते एका सुराची छोटी शिट्टी फुंकतात आणि मधल्या जागा स्वतःच्या गळ्याने भरतात, त्याला हिंदेव्हू म्हणतात. संशोधक सिम्हा आरोम यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणातून ती बाहेरच्या जगात पोहोचली. गाणं मला अतिशय आवडतं, पण ज्या लोकांची ती कला, त्यांच्यापर्यंत या प्रचंड खपातलं काहीच गेलं नाही, ही बोच ऐकताना राहतेच. कव्हरवरही आफ्रिकाच आहे, आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांच्या मुखवट्यावर बेतलेलं तोंड. दुसरी बाजू त्या मानाने मी कमी लावते. ‘स्लाय’ चांगलं, शेवटचं ‘व्हेन मेल्टर’ मला लांबल्यासारखं वाटतं.

मुलातूंची रेकॉर्ड निवडली होती माझ्या नणंदेने, आणि ती घरी आली तेव्हा मी फारशी खूश नव्हते. आज तिन्हींत ती माझी सगळ्यांत लाडकी आहे. मुलातू अस्तात्के १९४३ चे, इथिओपियातल्या जिम्मा गावचे. ब्रिटनमध्ये आणि मग बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात शिकले, तिथले ते पहिले आफ्रिकी विद्यार्थी. व्हायब्राफोन वाजवतात, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य. इथिओपियाच्या संगीतात पाच स्वरांच्या चार मुख्य चौकटी आहेत: तिझिता, बाती, अंबासेल आणि अंचिहोये. तिझिताच्या एका प्रकारात बरोबर आपल्या भूपाचे स्वर आहेत. अंबासेलमध्ये सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल धैवत, म्हणजे गुणकलीचे. चलन वेगळं, न्यास वेगळे, ते राग नाहीतच. पण पेटीवर हे स्वर मी काढून दाखवले तेव्हा माझी विद्यार्थिनी पाच मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, “बाई, पुन्हा.”

या स्वरांखाली मुलातू जाझच्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गठ्ठे, आणि लॅटिन तालवाद्यं ठेवतात. ‘येकेर्मो सेव’ ऐका. सॅक्सोफोन जड पावलांनी उतरतो, गिटार त्याला ओरखडे काढते. पाश्चात्त्य जाझमध्ये अशा धुनेखाली भरगच्च कॉर्ड आल्या असत्या. इथे त्या मोजक्या आहेत, पाच स्वरांना गुदमरू देत नाहीत. जिम जार्मुश यांच्या २००५ च्या ‘ब्रोकन फ्लॉवर्स’ चित्रपटामुळे हे संगीत जगभर पोहोचलं. पण रेकॉर्डवरच्या तारखा बघा, १९६९ ते १९७४. १९७४ मध्ये तिथे सम्राटाला हटवून लष्कराची राजवट आली, रात्रीची संचारबंदी लागली आणि अदिस अबाबाचे रात्रीचे क्लब थंडावले. जे वाजायचं ते या पाच-सहा वर्षांतच वाजून घेतलेलं आहे. फ्रान्सिस फाल्सेटो यांनी नव्वदच्या दशकात ‘एथिओपिक्स’ मालिका काढून हे सगळं पुन्हा लोकांसमोर आणलं, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

प्लेयरबद्दल राहिलेलं. वेग नीट झाला तरी सुईचा भार जास्तच आहे. अशा प्लेयरची सिरॅमिक पिन पाच-सहा ग्रॅमने रेकॉर्डवर दाबते, चांगल्या टर्नटेबलची दोनेक ग्रॅमने, आणि यात भार कमी करायची सोय नाही. स्पीकर त्याच पेटीत असल्याने ‘कमेलियन’चा बेस वाढवला की सगळं थरथरतं आणि सुई उडी मारते. मी खाली शहाबादी फरशीचा तुकडा घातला आणि मागून वायर काढून बाहेरचे स्पीकर जोडले, उड्या बंद झाल्या. सुईवर नाणं ठेवायचा सल्ला अनेक जण देतात, तो ऐकू नका, खाचा कायमच्या खराब होतात. पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी धरते, म्हणून तिन्ही रेकॉर्डी आता प्लास्टिकच्या आतल्या पाकिटांत आहेत.

गुण: मुलातू पाच, ‘झॉम्बी’ पाच, ‘हेड हंटर्स’ साडेचार. प्लेयरला दोन, आणि तेही रेडिओवाल्या काकांनी हात लावल्यानंतरचे. भिशीतून दिवाळीनंतर फेलाचीच १९७५ ची ‘वॉटर नो गेट एनिमी’ असलेली रेकॉर्ड घ्यायची ठरली आहे. ती आधी नणंदेच्या टर्नटेबलवर वाजेल, मग माझ्याकडे येईल.